गुंडावरचं नाव

९ जानेवारी २००१

मंजिरीनं आज सगळं पितळ फळीवरून खाली काढायला लावलं! संक्रांत तोंडावर, तीळ भाजायचे पडले, अन् ह्या पोट्टीले भांडी पाहिजेत. समता कॉलोनीत कंप्युटर शिकून राहिली ना. आपलं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून गल्लीगल्लीत तेच. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचा आहे — घरातल्या वस्तूंची यादी, पण कंप्युटरनं स्वतः वाचलेली.

"मग मी काय करू?"

"आप बस पढ़ते जाओ मम्मी, मैं लिखती हूँ।"

चौथी शिकलेली वाचणार, कॉलेजातली लिहिणार. बरं!

१० जानेवारी

एक्केचाळीस भांडी. हरएकाच्या चार गोष्टी — नाव, धातू, मालक, देणारा. जे कोरलेलं आहे ते वाचत गेले. गंगाळ मावशीनं दिलं. त्याले पोचा आहे, ह्याच मंजिरीनं बारकी असताना पाडलं होतं. तांब्या आत्याचा. आत्या गेली, तांब्या आहे.

मंजिरी हसत सुटली. "मालिक तो सब में पापा ही हैं!"

खरंच की. गोल बाजारातून मी भांडून आणलेली परात, तिच्यावरही श्यामराव डेहनकर, तात्यापारा. दुकानदार नाव विचारे अन् मीच सांगे.

पाणी भरायचा पितळी गुंड मी मागं सरकवला होता. तिनं ओढून काढला.

"ये तो पूरा घिसा हुआ है। किसने दिया?"

"कोणी नाही. मालकात मले लिही. सुशीला."

११ जानेवारी

पाक कडक झाला. लाडू वळेनात. चित्त कुठं होतं!

१२ जानेवारी

मंजिरीनं आज कागदावर काढून समजावलं. कंप्युटरले एकदाच सांगायचं. मग ते एकेका भांड्यापाशी जाते, चारही गोष्टी विचारते, छापते, पुढच्यापाशी जाते. संपेपर्यंत. मी म्हटलं, ह्यात काय नवल? दिवाळीले मी हेच करते. चिंच लावून एकेक घासते अन् ज्यानं दिलं त्याचं तोंड आठवते.

पण क्लासमधे छत्तिसाव्यावर अडलं म्हणे. गुंडावर. देणारा रिकामा, म्हणून पुढं जाईना. मागची पाच तशीच राहिली.

"सोडून दे त्याले."

"छोड़ दूँ तो चालीस ही आएँगे। मम्मी, ऐसे ही तो कोई गुंड नहीं आता ना घर में!"

उठून गेले. मीही दर दिवाळीले तिथंच अडते, तिले काय सांगू?

१३ जानेवारी

नीलकंठ. माहा लहान भाऊ. लिहिलं एकदाचं.

माह्या लग्नात सोळा वर्षांचा होता. काटोलले संत्र्याच्या पेट्यांत तणस भरायच्या कामाले पूर्ण मोसम गेला, त्या मजुरीतून घेतला गुंड. दुकानदार म्हणे, बापाचं नाव टाक. हा म्हणे, मजुरी माही, नाव माहं! डोक्यावर घेऊन मांडवात आला. सगळे हसले, मी रडले.

अन् आई गेली तेव्हा? मी पोचले तर राख थंड झालेली. "ताई, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली तुही." मी म्हटलं, खोटारड्या! तार इंग्रजीत होती, यांनीच वाचून सांगितली, त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. त्यानं उशिरा केली म्हणून उशीर झाला. घरी येऊन त्याचं नाव घासून काढलं. कोरलेलं काही केल्या जाईना. यांनी कानस आणून दिली.

बोलणं तुटलं त्याले बारा वर्षं झाली.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ सगळ्या पाऱ्यात घरोघरी वाटला. डब्यात दोन लाडू उरले, ते खाववेनात.

मंजिरीले म्हटलं, लिही. देणारा — नीलकंठ. 

"वो संतरे वाले मामा?"

आठवते तिले! सहा वर्षांची होती.

"हव, तोच. उद्या तुहं काम झालं की जाऊन येते त्याच्याकडं. आपणच आधी बोलते. काय होते?"

१५ जानेवारी

प्रोजेक्ट झाला. कागद यांच्या हातात दिला. हे चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेले. छत्तिसाव्यावर थांबले.

मी म्हटलं, काहून थांबले? काटोलले जाऊन राहिली मी.

कागद खाली ठेवला. म्हणाले, "तार त्यानं वेळेवर केली होती. ऑफिसच्या पत्त्यावर. ऑडिट सुरू होतं, सुट्टी मागायची हिंमत झाली नाही. एक दिवस खिशात ठेवली."

मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. समोर फळी. चाळीस भांडी, चाळिसांवर यांचं नाव.

कानस पाहिली. आहे जागेवर. हात नाही लावला.

गुंड घेतला. आत ते दोन लाडू ठेवले. सकाळच्या गाडीनं निघते.