कुलगुरूंच्या मुलीचा अर्ज

प्रिय आजोबा,

तुम्ही जाऊन सत्तर वर्षं होत आली. इतक्या काळानं पत्र लिहायला कारण तुमचं विद्यापीठच झालं. तिथल्या एका प्राध्यापकांचा फोन आला होता. स्मरणिकेसाठी तुमच्या कारकिर्दीवर लेख हवाय, आणि तुम्हाला पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मी ब्याऐंशीची आहे, मेहकरला राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. म्हटलं, लिहिते.

बराचसा लेख सोपा गेला. लोणारच्या भिक्षुकाचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला, दूरच्या शहरात इतिहासाचा प्राध्यापक झाला, मग कुलगुरू. तुम्ही ग्रंथालय उभारलंत. निम्मं मंडळ विरोधात असताना मुलींना पदवीचे वर्ग खुले केलेत. आणि वशिला? तो तर तुमच्या दारात उभाच राहिला नाही. एका संस्थानिकाच्या भाच्याला तुम्ही परत पाठवलंत, हे तिथे अजून सांगतात म्हणे!

इथवर आले आणि अडले.

मुलींना वर्ग खुले झाले त्याच वर्षी तुमची मुलगी, म्हणजे माझी आई सुमती, प्रवेशपरीक्षा पास झाली होती. पेपर दुसऱ्यांनी तपासले होते. तरी तिचा अर्ज तुम्ही मागे घेतलात. वर्षभरात तिचं लग्न झालं, लोणारच्याच एका कारकुनाशी.

मला हे कसं कळलं, आठवतं? निवृत्त होऊन तुम्ही लोणारला आला होता. नजर गेली होती, गावची बोली तेवढी परत आली होती. रोज सकाळी आई तुम्हाला इंग्रजी पेपर वाचून दाखवायची. मी दहा वर्षांची. तिचं ते सफाईदार वाचन ऐकून विचारलं, "आजोबा, आई कॉलेजात काऊन नाही गेली?"

तुम्ही म्हणालात, "तिचा अर्ज मीच मागे घेतला. लोक म्हणाले असते, कुलगुरूची पोरगी हाय, म्हणून घेतली."

आईनं पान उलटलं. मग म्हणाली, "पुढची बातमी वाचू का, नाना?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपाशी येऊन तिला विचारलंत, "बाहेरून परीक्षेले बसतं का? मी पत्र धाडतो विद्यापीठाले."

ती भाकरी थापत होती. "आता कायले, नाना? हे तिघं शाळेत जाऊन राह्यले. त्याईचं कोण पाहीन?"

तुम्ही भिंत चाचपत बाहेर गेलात. आजोबा, हे तुम्हाला वीस वर्षं आधी का सुचलं नाही? तुमच्याकडे नको, तर दुसऱ्या विद्यापीठात पाठवता आलं असतं की!

आईनं कधी तक्रार केली नाही. फक्त मी बी.ए. झाले तेव्हा पेढा भरवत म्हणाली, "बरं झालं बाई, तुहा बाप कुलगुरू नव्हता!" सगळे हसले. तीही हसली.

परवा प्राध्यापकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे घरगुती झालं. कार्य तेवढं लिहा."

मला नाही पटलं. तुमचा निःस्पृहपणा खरा होता, पण तो सोसला तिनं.

म्हणून तुम्हाला शब्द देते. तुमचं एकही काम गाळणार नाही. पहिल्या वर्गात चार मुली होत्या, तेही लिहीन. आणि लगेच खाली लिहीन: पाचवी, सुमती. उत्तीर्ण. अर्ज वडिलांनी मागे घेतला. एवढी ओळ त्यांना नको असेल, तर लेख परत पाठवा म्हणेन.

तुमची नात,
सुमतीची कुमुद