दाराआडचं बोलणं

तीर्थस्वरूप मोठ्या भाऊजींस,

अर्पिताचे बूट आले, चारशेला. कुर्ता मी घरीच शिवला. आर्णीच्या क्लासात ती नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून राह्यली. मॅडम म्हणतात, बोलताना समोरच्याकडे बघ. पण तिची नजर जमिनीवरच.

काल मी साहेब होऊन खुर्चीत बसले. म्हटलं, "मान वर कर."

म्हणते, "आई, तू तरी कधी करतं? मोठ्या बाबांशी दाराआडूनच बोलतं."

खरंच आहे. तुम्ही माझे भासरे, अन् थोरल्या दिरासमोर सुनेनं यायचं नाही, ही आपल्या घरची रीत. पोरीला नोकरी नको म्हणालात, तेव्हाही मी पदर सावरून दाराआडच उभी होते.

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. देवीपुढे दिवा लावून ठरवलंय. रविवारी तुम्ही आलात की चहा घेऊन मीच बैठकीत येईन आणि तुमच्याकडे बघून सांगीन, सोमवारी अर्पिता यवतमाळला मुलाखतीला जाणार.

उत्तर तिथंच द्या.

सौ. प्रमिला