पोत्यातले स्वेटर

चिमणे,

जुने कपडे काढून ठेव म्हटलं होतं. फाटके पुसायला, धड असतील ते गरजूंच्या केंद्रात आणि लोकरीचे उसवून पुन्हा विणायला, ही आपली नेहमीची वाटणी. पण तुझ्या पोत्यात जुनं काही नाहीच गं! गेल्याच हिवाळ्यात विणलेले सगळे स्वेटर, वर कानटोपीसुद्धा. सुती कपडे मात्र कपाटात घड्या घालून तयार.

म्हणे, "आई, लोकर टोचते." इतकी वर्षं नाही टोचली ती? थंडी नसलेल्या कुठल्या गावी निघालीस? तिथे कोण आहे?

मी शिवणाच्या दुकानात जाते आहे. पोतं केंद्रात दिलेलं नाही, आणि ते उसवायला माझा हात धजत नाही. जायचंच असेल तर समोर बसून सांग. बॅग मीच भरून देईन.

आई