धोंडाबाईंचं पोट आणि इतर मिळकत

मी, सौ. धोंडाबाई हैबतराव मातेरे, वय वर्षे ६१, व्यवसाय मिरची-मसाला कांडप, राहणार उरवडे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. आमच्या घरात दाब कुणाचा चालतो हे दोन्ही साक्षीदारांना माहीत आहे. मजकूर माझा, कायद्याची भाषा पौडच्या वकिलांची. दोन्ही जिथे जुळणार नाहीत तिथे माझं खरं धरावं.

कलम १. दिनांक २ मार्च २०२५ रोजी केलेलं माझं पहिलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. ते का केलं आणि का रद्द केलं, हे लिहायची गरज नाही असं वकील म्हणाले. मला गरज वाटते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला माझं पोट फुगायला लागलं. चार घास खाल्ले की तुडुंब. कंबर धरायची. यंत्र चालू ठेवून दर अर्ध्या तासाने मोरीकडे पळायचं. परकराची नाडी पुरेना. मिरच्या घेऊन येणाऱ्या बाया म्हणायच्या, "धोंडाक्का, गोड बातमी हाय का काय?" मीही हसायचे. मनात मात्र माझी थोरली बहीण यायची. पंचवीस वर्षांपूर्वी तिचंही लुगडं असंच पुढून वर चढत गेलं, आणि आजाराला नाव मिळायच्या आत ती गेली. पुढे एका नर्सबाईंनी सांगितलं, बीजांडकोशाचा कॅन्सर असणार. ते शब्द मी घरात कधी उच्चारले नव्हते.

गावातल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडून पाहून पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेला गोळ्यांचा रंग बदलला. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "मावशी, वय झालं आता. तिखट कमी करा." मिरची कांडणाऱ्या बाईला हे सांगायला धैर्य लागतं, तेवढं श्रेय त्यांना देते. गावातल्या बंडोपंत वैद्यांनी काढा दिला. तो एवढा कडू होता की आठ दिवस मी आजार विसरले.

संक्रांतीला पौडला शमशादकडे बांगड्या भरायला गेले. शमशाद म्हणजे माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण, बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान आहे. माझ्या मापाची बांगडी तिने चढवली, ती सरळ कोपराकडे गेली. शमशादने माझा हात सोडला नाही.

"हात वाळलाय आणि पोट वाढलंय," ती म्हणाली. "ह्ये पित्त न्हाई, धोंडे."

तिने दुकानाला कुलूप लावलं आणि मला रिक्षात घालून पिरंगुटला सोनोग्राफीला नेलं. तिथला कागद इंग्रजीत होता. घरी सून स्नेहलने वाचला. ती नेऱ्याची, हिंजवडीच्या कंपनीत आहे, बरेचदा घरूनच काम करते. म्हणाली, "काही नाही आई, साधी गाठ दिसतीये." आणि मोरीत जाऊन नळ सोडला. बादली भरून वाहत राहिली. साध्या गाठीला एवढं पाणी लागत नाही, हे मला कळलं.

मग कॅन्सरच्या खुणेसाठी रक्त तपासलं. आकडा पस्तीसच्या आत हवा होता, तो चारशे शहाऐंशी आला. आमचे मालक हैबतराव म्हणाले, "जास्त हाय म्हंजे चांगलंच की." स्नेहलने त्यांना बाजूला नेऊन समजावलं. त्यानंतर ते कांडपाच्या शेडमध्ये जाऊन बसले. डोळे लाल करून आले, म्हणाले मिरची लागली. यंत्र पंधरा दिवस बंद होतं.

पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात सर्जन म्हणाले, पुढच्या आठवड्यात पोट उघडू, सगळं काढून टाकू. स्नेहलने विचारलं, "पण कॅन्सरच आहे याची खात्री आहे का?" त्यांनी घड्याळ पाहिलं. ती माझा हात धरून उठली आणि मला दुसऱ्या दवाखान्यात क्षितिजा नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आधी माझं पोट दाबून पाहिलं. सोनोग्राफीचं यंत्र सोडलं, तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी पोटाला हात लावला. मग विचारलं, संध्याकाळी अंग तापतं का, घाम येतो का, घरात कुणाला फार दिवस खोकला होता का. होता. मागच्या खोलीतला, कारखान्यात कामाला जाणारा भाडेकरू वर्षभर खोकत होता, पुढे गावी निघून गेला. पोटातलं पाणी काढून तपासलं, त्यात कॅन्सर दिसला नाही. मला वाटलं, सुटले. पण बाई म्हणाल्या, "तेवढ्यावरून कॅन्सर नाहीच, असं मी म्हणू शकत नाही. असूही शकतो. पण काय आहे ते कळल्याशिवाय मी कापणार नाही." दुर्बिणीने आतला छोटा तुकडा घेतला आणि नऊ दिवसांनी यायला सांगितलं.

त्या नऊ दिवसांत मी पहिलं मृत्युपत्र केलं. मला मरणाची भीती नाही असं मी तेव्हा साऱ्या गावाला सांगत होते. ते खोटं होतं, अशी येथे नोंद करते. भांडी घासताना हात थांबायचे. स्नेहल हसली तरी वाटायचं, हे मी आता किती वेळा ऐकणार.

दहाव्या दिवशी बाईंनी कागद वाचला. म्हणाल्या, "पोटाचा क्षय आहे. टीबी. बाहेरून अगदी कॅन्सरसारखा दिसतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही."

मी विचारलं, "म्हंजे मरायचं न्हाई?"

"याने नाही."

टीबी झाल्याबद्दल पेढे वाटणारे तालुक्यात हैबतराव एकटेच असावेत. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायला लागली तेव्हा ते पुन्हा घाबरले. सप्टेंबरअखेर गोळ्या संपल्या. पोट उतरलं. परवा शमशादने माझ्या मापाची बांगडी चढवली, ती मनगटावर राहिली.

कलम २. पहिल्या मृत्युपत्रात मी कांडप यंत्र भंगारात द्यायला सांगितलं होतं. ते आता सून सौ. स्नेहल हिला द्यावं. मार्च-एप्रिलच्या हंगामात मी अंथरुणावर असताना तिने रविवारी यंत्र चालवलं. शिंकून शिंकून बेजार झाली, पहिल्या दिवशी लवंगी आणि ब्याडगी एकत्र केली, आणि गिऱ्हाईक असलेल्या बाईला वर ऐकवलं, "नवीन ब्लेंड आहे." लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या रश्श्याला तिखट म्हटलं होतं. तो राग मी नऊ वर्षं सांभाळला. तो मात्र तिला देत नाही, माझ्याबरोबर संपू दे.

कलम ३. माझ्या नावची जागा, राहतं घर आणि भाड्याच्या दोन खोल्या चिरंजीव इंद्रजित यास द्याव्यात. हैबतराव हयात असेपर्यंत त्यांना पुढच्या खोलीतून कुणी उठवू नये. इंद्रजित मायाळू आहे. माझ्या आजारात त्याने फोनवर वाचून मला गव्हांकुराचा रस, बिटाचा रस आणि कसलीशी बुरशी पाजली. यापुढे त्याने घरातल्या कुणावरही फोनमधून इलाज करू नये. तसं केल्यास खोल्यांचं भाडं स्नेहलने घ्यावं.

कलम ४. भुकूमच्या नणंदबाई मला शेवटचं भेटायला आल्या, गळ्यात पडून रडल्या, आणि जाताना आठवण म्हणून तांब्याचं घंगाळ घेऊन गेल्या. आठवण ठेवायला मी अजून आहे. घंगाळ त्यांच्याकडेच राहू द्यावं. पण दर दिवाळीला त्यांनी ते घासून, इथे आणून मला दाखवावं. माझ्या पश्चात ही अट माफ.

कलम ५. हैबतरावांनी माझ्यामागे दुसरं लग्न केल्यास हरकत नाही, असं पहिल्या मृत्युपत्रात लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी एकच प्रश्न केला, "कुणाशी?" रागाने विचारलं की माहितीसाठी, हे अजून उघड झालेलं नाही. सबब ती परवानगी मागे घेते. त्यांना माझी पोस्टातली ठेव आणि माझ्या हातचा वर्षाचा मसाला द्यावा. बरणी उघडायला त्यांना जमत नाही. कुणीतरी उघडून द्यावी.

कलम ६. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरी दाखला लागतो. तो मी मुद्दाम गावातल्या त्याच डॉक्टरांकडून घेतला. म्हटलं, सही मागाहून करा, आधी पोट तपासा. त्यांनी मला आडवं करून नीट तपासलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "मावशी, चुकलं माझं." ते आता पोटाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला आडवं करून तपासतात, असं बाया सांगतात. त्यांच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार राहिलेली नाही. शंका आल्यास स्नेहलने अधूनमधून जाऊन पाहून यावं.

कलम ७. माझी सोन्याची मोहनमाळ शमशादला द्यायची होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नका, उद्या कुणी बोट दाखवेल. मी शमशादला म्हटलं, तू सही करू नकोस, दुसरं कुणी करील, तू माळ घे.

ती म्हणाली, "माळ ऱ्हाऊ दे. मी सही करनार."

"अगं, सोन्याची हाय."

"मार्चमदी तू रडत रडत लिवलंस, तवा मीच सही केलती. घरी जाऊन दोन दीस घास उतरला न्हाई. तू मरनार म्हनून सही केली, आता जगलीस म्हनून करू दे की."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. शमशादने माझ्या हातातला पेन काढून घेतला.

मोहनमाळ कुणाला द्यायची ते अजून ठरलेलं नाही. घाई नाही.

लिहून ठेवणार: सौ. धोंडाबाई हैबतराव मातेरे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. शमशाद बाबालाल मणियार, राहणार पौड (सही)
२. कुशाबा रामभाऊ गोळे, राहणार उरवडे (सही)

स्थळ: पौड, तालुका मुळशी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार