शेवटच्या बाकावरून

बुधवार, संध्याकाळ

उद्या प्रोफेशनल कम्युनिकेशनची परीक्षा, वर्गासमोर सादरीकरण. मॅडमचा एकच हट्ट, स्लाइड शेवटच्या बाकावरून वाचता आली पाहिजे. म्हणून मंडईतला कचरा या माझ्या विषयावरची सगळी वाक्यं उडवली आणि प्रत्येक स्लाइडवर चारच ठळक शब्द ठेवले. आता बघून वाचायला काहीच उरलं नाही. सगळे माझ्याकडेच बघणार. पुन्हा भरू का वाक्यं?

आज रिकाम्या वर्गात रूममेट ऋतुजाला त्याच शेवटच्या बाकावर बसवलं. मान खाली घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलले. एकही मुद्दा सुटला नाही. मग विचारलं, "नीट दिसलं का गं?"

"अक्षरन् अक्षर दिसलं," ऋतुजा म्हणाली. "आता बोलायला कधी सुरुवात करतेस?"