पांढऱ्या मुठीचा चाकू

बाबा, तुमचा चाकू सोमवारपासून माझ्या घरी आहे. धाकटी बँकेच्या कामाला वाशीमला आली होती. जेवण झाल्यावर तिने कमरेच्या पिशवीतून तो काढला, आम्हा दोघींसाठी पेरू चिरला आणि बसच्या घाईत ओट्यावरच विसरून गेली. ओटा पुसायला गेले तर हा तिथे मिटून पडलेला, काळा आणि चिंचेच्या बोटकासारखा वाकडा. मी आधी फडकं खाली ठेवलं, हात पुसले आणि मग तो उचलला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यावर, चोरासारखं इकडेतिकडे पाहून उचलला. तुम्ही गेलात त्यानंतर तो माझ्या हातात आलेला हा पहिलाच प्रसंग, आणि तोही धाकटी विसरली म्हणून.

दिसायला त्यात आहे तरी काय? मूठ बाभळीच्या लाकडाची, घामाने आणि चिकाने काळी पडलेली. एका बाजूला तुमच्या अंगठ्याने खळगा पडलेला. खिळा कधीतरी निघाला तेव्हा तुम्ही तिथे सायकलचा आरा कापून ठोकला होता, तो अजून तसाच आहे. बाजारात मांडला तर भंगारवालाही उचलणार नाही. आणि माझा बघा. पांढरी शिंपल्यासारखी मूठ, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, पात्यावर मोर. आजही पाहुण्यांसमोर काढला की बायका विचारतात, कुठून घेतला? मी म्हणते, वडिलांनी दिला. मग त्या म्हणतात, किती हौशी होते हो तुमचे वडील. मी हसते. हौशी! तुमच्यासारख्या माणसाला हौशी म्हणवून घ्यायला मी तो चाकू इतकी वर्षं जपला.

तो दिवस मला लख्ख आठवतो. थंडीचे दिवस, संत्र्याच्या कलमांचा हंगाम. मंगरूळपीरकडच्या मळ्यांत तुम्हाला बोलावणी यायची, जंबेरीच्या, त्या रानलिंबाच्या रोपावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधून द्यायला. तुम्ही बाजारातून आलात आणि पिशवीतून हा पांढरा चाकू काढलात. पण दिला नाहीत. दोन संध्याकाळी अंगणात धार लावायचा दगड घेऊन बसलात. आई भाकरी थापता थापता चिडवते, "नव्या चाकूले काहून घासून राह्यले? दुकानदारानं बिनधारेचा देल्ला का तुमाले?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "नवा हाये म्हनूनच." तुमचं बोलणं एवढंच. तिसऱ्या दिवशी तुम्ही तो माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "तू मोठी हायेस. तुले हे शोभते." धाकटीने हात पुढे केला तेव्हा बंडीच्या खिशातून स्वतःचा काळा चाकू काढून तिला दिलात. "मळ्यात गेलो का हे घेत जाय." घरी आलो की तो पुन्हा तुमच्या खिशात जायचा.

एक दिवस मी आनंदात होते, अगदी एकच. दुसऱ्या दिवशी मळ्यात तुम्ही आम्हा दोघींना रोपांच्या ओळीत बसवलंत, आणि मला कळलं की शोभणं आणि हातात बसणं यात किती अंतर असतं. माझ्या चाकूची पितळी टोपी तळव्यात रुतत होती. दाब दिला की खालचा कोपरा करंगळीच्या बुडाशी बोचायचा. शिवाय चिकाने मूठ डागाळेल म्हणून मी तिला रुमाल गुंडाळला होता. तुम्ही ते पाहिलंत. "रुमालात धरून कलम होते का?" म्हणालात. मी रुमाल काढला, हात आवरून धरला, पातं घसरलं आणि डोळा दुभंगला. दुसराही तसाच गेला. "राहू दे, हात कापून घेशीन. तू पट्टी बांधाचं पाह्य." आणि तुम्ही धाकटीकडे वळलात.

ती डावरी, तुमच्यासारखी. जेवताना आई तिच्या डाव्या हातावर चापट मारायची, पण मळ्यात तिला कोणी मारत नव्हतं. तुम्ही तिच्या मागे उकिडवे बसलेले, तुमचा डावा हात तिच्या डाव्या हातावर, आणि तुमच्या दोघांच्या हातात तो काळा चाकू. "जोर नोको करू. त्यालेच जाऊ दे." आणि चाकू खरंच आपणहून जायचा. सालीसकट डोळा अलगद सुटून तिच्या बोटांवर यायचा, रोपाच्या चिरेत सरकायचा, आणि मग मी पट्टी बांधायची. त्या हंगामात आणि नंतरच्या सगळ्या हंगामांत मी फक्त पट्टी बांधली, बाबा. गाठ मारताना मी ती इतकी आवळायची की तुम्ही एकदा म्हणालात, "अवो, झाडाचा जीव जाईन." जीव कोणाचा जात होता ते तुम्हाला कसं कळावं!

तुम्ही गेल्यावर तेराव्याच्या जेवणानंतर आईने खुंटीवरची बंडी काढली, खिसा रिकामा केला आणि चाकू धाकटीला दिला. मी शेजारीच बसले होते. माझ्याकडे पाहून आई म्हणाली, "तुले हाये नं इतका सुंदर." झालं. एका वाक्यात माझी वाटणी संपली. शेतीच्या वाटणीत आम्हा बहिणींचं एका शब्दाने वाजलं नाही. या चाकूवरून मात्र मी मनातल्या मनात तिच्याशी रोज भांडले. तिने धनजकडे सासरी रोपवाटिका थाटली, लोक तिला बोलवायला लागले, म्हातारे शेतकरी म्हणायला लागले की हात बापाचा हाये पोरीले. हे माझ्या कानावर आलं की माझा स्वयंपाक खारट व्हायचा. मी इथे कोर्टात टायपिंग केलं, निवृत्तही झाले. माझा हात कोणाचा आहे हे कोणी विचारलं नाही.

तर सोमवारी मी तो उघडला. म्हटलं, आता तरी. उजव्या हातात धरला आणि मला हसूच आलं, कारण तो बसेना. तुमच्या अंगठ्याचा खळगा माझ्या बोटांखाली आला आणि जिथे माझा अंगठा टेकायला हवा तिथे मुठीचा फुगवटा. मागच्या दारी लिंबाचं झाड आहे, त्याच्या फांदीवर डोळा काढून पाहिला. पातं सालीत न सरकता सरळ लाकडात घुसलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. मग उजेडात धरून नीट बघितलं. धार एकाच अंगाने, दुसरं अंग सपाट. डाव्या हातात घेतला तर काय सांगू, जसा आईच्या कडेवर पोर बसावं तसा बसला. पण माझ्या डाव्या हाताला काही येत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळले तो माझ्या हाताचा नव्हताच.

कोणाला वाटेल, इथे माझं समाधान झालं असेल. उलट मला असा काही राग आला की तो शब्दात लिहायला नको. मंगळवारी धाकटीचा फोन आला. "अवो ताई, माहा चाकू तुह्या घरी राह्यला का वं? रोपं तयार हायेत, दुसऱ्या चाकूनं माहा हातच चालत नाई." माहा चाकू म्हणाली. मी म्हणाले, "शोधा लागन." आणि फोन ठेवून तुमचा चाकू घेऊन धुण्याच्या दगडापाशी गेले. पाणी शिंपडलं. पात्याची सपाट बाजू दगडावर टेकवली. धार फिरवून टाकायची, माझ्या हाताची करायची, म्हणजे मग ना तिच्या हाताची राहील ना तुमच्या. एवढं सगळं मला कळत होतं.

ओढला, आणि आवाज झाला. खर्र, मग थांबला, मग पुन्हा खर्र. सवय नसलेल्या हाताचा तो अडखळता आवाज मी आधी ऐकला होता, आपल्या अंगणात, त्या दोन संध्याकाळी. तुम्ही धार लावायला बसलात की आवाज नेहमी एकसारखा यायचा. त्या दोन संध्याकाळी मात्र तुमचा हात अडखळत होता, आणि त्याचं आम्हाला नवल वाटलं नव्हतं, कारण आई चिडवत होती आणि आम्ही हसत होतो.

मी आत गेले, कपाटातून माझा पांढरा चाकू काढला. त्याचं पातं आजवर मी मोरासाठीच बघत आले होते. आता धार बघितली. बाजारचे चाकू दोन्ही अंगांनी धारेचे येतात. याला एकाच अंगाने धार होती, तुमच्या चाकूच्या बरोबर उलट्या. लिंबाच्या फांदीवर तो चालवला. जोर केला नाही, त्यालाच जाऊ दिलं. डोळा सालीसकट सुटून माझ्या बोटावर आला. आणि पितळेचा कोपरा तळव्यात रुतला तो रुतलाच. बाबा, धार तेवढी माझ्या हाताची केलीत, मुठीकडे एकदा तरी बघायचं होतंत. आणि "शोभते" म्हणण्याऐवजी सांगितलं असतंत, की मी ही तुझ्यासाठी उलटी लावली आहे, तर मी तो रुमाल फेकून दिला असता. बोचला असता तरी धरला असता. तुमच्या तोंडून एक वाक्य जास्त निघालं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?

तुमचा चाकू मी कापडात गुंडाळून ठेवला आहे. उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देणार, धाकटी फाट्यावर येऊन घेईल. सापडला म्हणून तिला कळवलं आहे. कुठे सापडला ते तिने विचारलं नाही. एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही आणि हा कागद कुठे जायचा नाही म्हणून इथे लिहिते. तो दगडावर मी एकदा ओढला होता. सपाट अंगावर बारीक ओरखडा आहे, टोकाकडची धार किंचित मुडपली आहे. पहिल्याच डोळ्याला तिच्या हाताला ते कळेल. ती मला काही म्हणणार नाही, मुकाट्याने दोन संध्याकाळी दगड घेऊन बसेल. तेही तुमच्यावरच गेलं आहे.