जादा इंधन

प्रिय आई,

हे पत्र तुला देणार नाही. तू आत माझं कपाट आवरते आहेस आणि तुझं विमानपुराण अजून चालूच आहे. "शहरावरून चार चकरा मारून दाखवल्या गं! खालचं तळं तर मला पाठ झालं."

ती हौस नव्हती, आई. विमानतळावर वादळ होतं. ते सरेपर्यंत तुमचं विमान वर थांबू शकलं, कारण उड्डाणाआधी त्याचं इंधन ठरवताना हवामानाचा अंदाज पाहून मी जादा इंधन भरायला लावलं होतं. जादा इंधन म्हणजे जादा वजन, जादा खर्च. आमच्या विमान कंपनीच्या ऑफिसात त्यावरून बोलणी खावी लागतात. मला चकित करायला तू त्याच विमानाने येते आहेस, हे मला तू दारात उभी राहिलीस तेव्हा कळलं.

आज त्या जादा खर्चावरून साहेबांनी बोलावलं. प्रवाशांत तुझं नाव त्यांना दिसलं होतं. म्हणाले, "आई होती म्हणून भरलं, एवढं लिहून दे. माया असते माणसाला. प्रकरण मिटवू. नाहीतर बढती विसर."

मी लिहून दिलं नाही. दिलं असतं, तर पुढच्या वादळात इंधन मागायला कुणाची तरी आई विमानात असावी लागली असती. तू मात्र म्हणशील, "द्यायचंस की लिहून, काय बिघडलं?"

तू त्या विमानात आहेस हे ठाऊक असतं, तरी मी एक किलोही वाढवलं नसतं. लागणार होतं तेवढं सगळ्यांसाठी भरलेलंच होतं.

फक्त तुमचं विमान उतरल्याची नोंद मी आज पुन्हा पुन्हा उघडून पाहिली.

तुझी,
हिशेबी लेक